चोविसाव्या चौकोनातला पलंग

आमची ब्रेक्के टाउनशिप, म्हणजे शेतांचा चौकोनी परगणा, सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद आहे, असं कागद सांगतो. प्रत्यक्षात ती कुठल्याच बाजूनं बरोबर सहा मैल भरत नाही, आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सव्वीस वर्षं मी तिच्या रस्त्यांवरून ग्रेडर फिरवतोय. उन्हाळ्यात मुरूम सारखा करायचा, हिवाळ्यात बर्फ बाजूला लोटायचा. एकोणचाळीस मैल रस्ता, दोनशे चौदा माणसं, एक चर्च, एक कबरस्तान आणि एक हॉल. गाव म्हणावं असं काही नाहीच. रेल्वे आली ती आमच्या पूर्वेच्या हॉफमन टाउनशिपमधून गेली, म्हणून त्यांना गाव मिळालं आणि आम्हाला गाडीची नुसती शिट्टी. शिवाय त्यांच्या हॉलमध्ये संडास आत आहे. आमचा अजून बाहेर, लायलॅकच्या झुडपामागं. हॉफमनवाले ही गोष्ट दर भेटीत काढतात.

जमिनीचे छत्तीस चौकोन, एकेक मैलाचे. एक नंबर ईशान्येच्या कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे सहापर्यंत, मग सात त्याच्याच खाली आणि परत पूर्वेकडे. नांगराचं तास संपलं की बैल वळतात तसे आकडे वळत जातात. आमच्याकडे माणसाची ओळखही त्या आकड्यावरूनच. गेलन आसेन हा आमच्या पंचांचा अध्यक्ष, तो अकरातला. मी मायरन, एकोणतीसमधला. आणि चोवीसमधली आर्व्हिलामावशी.

ती माझ्या आईची चुलतबहीण. अडतीस वर्षं टाउनशिपची चिटणीस, आणि त्याहून जास्त वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत बाई. साठीच्या आतल्या प्रत्येकाला तिनं कधी ना कधी कोपऱ्यात उभं केलंय. बर्फ पडला की मी पहाटे निघतो आणि सहाच्या ठोक्याला ग्रेडरमधला माझा फोन वाजतो. "मायरन, बारा नंबरचा उतार राहिला. आणि माझ्या टपालपेटीला तुझं पातं लागलं." पातं लागलेलं नसतं. पण फोन सहाला येतो म्हणजे येतो. सव्वीस हिवाळ्यांत एकदाही सहाचे सव्वासहा झाले नाहीत.

टाउनशिपला दीडशे वर्षं होणार म्हणून मावशीनं इतिहासाचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. चार वर्षं ती त्याच्या मागं होती. ज्या ब्रेक्केच्या नावानं टाउनशिप आहे तो इथं एकच हिवाळा राहिला आणि वसंत लागताच शिव्या देत नॉर्वेला परत गेला, हे तिनं शोधून काढलं आणि छापायचंही ठरवलं. गेलन म्हणाला, "बाई, हे नको ना. लोक हसतील." मावशी म्हणाली, "हसू देत. खरं आहे ते लिहायचं." तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

त्या पुस्तकात तिचा सगळ्यात लाडका उतारा होता नवऱ्याच्या आजोबांवर. निल्स त्यांचं नाव. पूर्वेच्या हद्दीवर मोठी दलदल आहे, रस्तासुद्धा तिला वळसा घालून थोडा पश्चिमेला सरकतो. तिथं हद्द ठरवायची तर साखळी घेऊन कोण चिखलात उतरणार? निल्सनं बैलगाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधली. गाडी चालवायची, आणि बायको गुनहिल्डनं मागं बसून चिंधी किती वेळा वर आली ते मोजायचं. अशी आमची सगळी शेतं मोजली गेली आहेत, हसू नका. आकडा पुरा झाला तिथं निल्सनं कॉटनवूडच्या झाडांची रांग लावली आणि रांगेच्या अलीकडे घर बांधलं. तेच मावशीचं घर. पुस्तकात तिनं लिहिलं होतं, "या मोजणीत एका फुटाचीही चूक नव्हती."

आता या वाक्याला पुरावा हवा म्हणून तिनंच जिल्ह्याच्या कचेरीला अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये मोजणीवाली एक तरुण पोरगी आली. तिनं वळणावर खणायला लावलं आणि दोन फूट मुरुमाखाली हद्दीचा जुना दगड निघाला. सव्वीस वर्षं मी त्याच्यावरून ग्रेडर घालत होतो. पोरीनं तिपाईवर यंत्र लावलं, आकाशातल्या उपग्रहांना काय विचारायचं ते विचारलं, बटाट्याच्या पोळीसारखे दोन लेफ्सा खाल्ले आणि नकाशा पाठवते म्हणून गेली.

नकाशा फेब्रुवारीच्या शेवटी आला. मावशीनं मला बोलावलं, टेप घेऊन ये म्हणाली. आवाजावरून काही कळलं नाही. नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि हद्दीची लाल रेघ थेट घराच्या चौकोनातून गेली होती. गुनहिल्डनं कुठंतरी चिंधीचे काही फेरे गाळले होते. डास चावत असतील, नाहीतर मांडीवरचं मूल रडलं असेल.

आम्ही दोघांनी घर मोजलं. मावशीनं लाल लोकरीचा गुंडा घेतला आणि मी टेप धरीन तिथून लोकर जमिनीवर टाकत गेली. लोकर जेवणाच्या टेबलाखालून गेली आणि झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावरून समोरच्या भिंतीला भिडली. अलीकडे बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, म्हणजे ब्रेक्के. पलीकडे झोपायची खोली आणि न्हाणीघर, म्हणजे हॉफमन.

मी म्हणालो, "घ्या! म्हणजे हॉफमनवाले ज्या आतल्या संडासाची शेखी मिरवतात, त्यात तुझाही एक आहे, मावशी."

ती हसली नाही. तिनं फडताळातून चिटणिसाचा नियमांचा जाडजूड ठोकळा काढला. कुठलं पान ते तिला माहीत होतं. घरातून हद्द जात असेल, तर माणूस नेहमी जिथं झोपतो ते त्याचं राहण्याचं ठिकाण. आणि निवडून येणारा माणूस निवडणुकीआधी निदान तीस दिवस टाउनशिपमध्ये राहत असला पाहिजे.

वार्षिक सभा आणि चिटणिसाची निवडणूक मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी. अकरा दिवसांवर.

"पलंग आत्ता ओढू अलीकडे," मी म्हणालो. "तीस काय नि अकरा काय, कोण मोजायला बसलंय?"

"मी बसलेय," मावशी म्हणाली. "अडतीस वर्षं मी सही करून सांगतेय की मी ब्रेक्केची. ती सगळी खोटी ठरली, मायरन. आता त्यावर आणखी एक खोटं नको. सभेत राजीनामा देईन. आणि पुस्तकाचं दुसऱ्या कुणीतरी बघावं. हॉफमनच्या बाईनं ब्रेक्केचा इतिहास लिहायचा, शोभतं का ते?"

पुस्तकाचं बोलताना तिचा आवाज जरा हलला. तिथंच मला बोलायला हवं होतं.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. तिचा नवरा ओरिन जाऊन सहा हिवाळे झाले. तो गेला त्याच वर्षी, पहिल्या मोठ्या बर्फात, सव्वापाचला मी तिच्या घरावरून जात होतो. रस्ता घराच्या पश्चिमेनं जातो, बैठकीची खिडकी रस्त्यावरच. आत दिवा होता आणि ओरिनच्या मागं रेलणाऱ्या खुर्चीत मावशी होती, अंगावर त्याचा गोठ्यातला तपकिरी कोट, मान एका बाजूला. मला वाटलं, गेली! ग्रेडर थांबवला आणि भोंगा दाबून धरला. ती दचकून उठली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गुमान पुढं निघालो. सहाला फोन आलाच. टपालपेटी.

तेव्हापासून प्रत्येक बर्फात ती त्या खुर्चीतच दिसायची. दिवसा कॉफीला गेलो की पलंग नीट केलेला दिसायचा, चादरीवर सुरकुती नाही, पण ती सुरकुती पडणार कशी? मी हे माझ्या बायकोला, आर्डिसलाही, सांगितलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलत नाहीत. माणूस मेलं की शेजारी मांस-बटाट्याची हॉटडिश वाडगेच्या वाडगे आणून देतात, दारातला बर्फ काढून देतात, शेतातलं पीक काढून देतात. कशी आहेस, असं मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर समोरचा सांगेल, मग काय करायचं?

तरी मी तोंड उघडलं. "मावशी, पलंग त्या बाजूला आहे हे खरं. पण तू काही..."

"मायरन, तुझी कॉफी गार होतेय."

"नाही, मी म्हणतो, ती खिडकीपाशी..."

"कॉफी," ती म्हणाली. मी कॉफी प्यायलो आणि घरी आलो. म्हणजे तिनंही तो विचार केला होता. चिटणीसपद गेलं तरी चालेल, पण गावभर हे कळायला नको, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मला तिचा इतका राग आला की त्या संध्याकाळी मी एक चांगलं फावडं मोडलं.

बातमी पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी हॉफमनचे अध्यक्ष क्लेमन्स स्ट्रोशाइन रूबार्बची पाई, म्हणजे आंबटगोड सारणाचा भाजलेला पदार्थ, घेऊन तिच्या स्वयंपाकघरात हजर. सत्तरीचा गडी, हॅट हातात.

"आर्व्हिलाबाई, आमच्यात स्वागत आहे. आमचा चिटणीस ॲरिझोनाला निघालाय. तुमच्यासारखी बाई मिळाली तर..."

"क्लेमन्स, तुम्ही आत्ता कुठं उभे आहात?"

"तुमच्या स्वयंपाकघरात."

"म्हणजे ब्रेक्केत. इथं तुमचं काही चालत नाही. पाई ठेवा आणि बसा."

सभेच्या दिवशी हॉलमध्ये एकेचाळीस माणसं आली. एरवी पंधरा येतात. आमचा हॉल म्हणजे पूर्वीची एकखोली शाळा, फळा अजून भिंतीवर आहे. मागच्या टेबलावर कॉफीचा मोठा बंब, लेफ्सा, चार तऱ्हेच्या गोड वड्या, आणि त्यांच्या शेजारी क्लेमन्स, कारण पाहुण्याला कुणी हाकलत नाही. पुढं गेलन. त्याच्या उजवीकडे मावशी, निळा पोशाख, समोर इतिवृत्ताची वही.

तिनं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. मुरुमाचा ठराव झाला. मोरीचा झाला. कुत्र्यांचा पुढं ढकलला, तो गेली नऊ वर्षं पुढंच चाललाय. मग तिनं चष्मा सारखा केला.

"पुढचा विषय, चिटणिसाचा राजीनामा," ती म्हणाली आणि सरळ वाचायला लागली. हद्द, नकाशा, नियम, तारीख. आवाज अगदी कोरडा. "सबब मी ब्रेक्के टाउनशिपची रहिवासी नाही आणि नव्हते, याबद्दल मी सभेची क्षमा मागते."

अर्धी माणसं बुटांकडे बघत होती, अर्धी फळ्याकडे. सगळ्यांना वाईट वाटत होतं, मला दिसत होतं. आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस जण ते वाईट वाटणं गिळून बसले होते. आपल्या लोकांचा हा गुण मला आवडतो, आणि त्या दिवशी मला तो सहन होईना.

मी उभा राहिलो.

"मुरुमाबद्दल आहे का, मायरन?" गेलननं विचारलं. सव्वीस वर्षांत मी दुसऱ्या कशाबद्दल सभेत उठलेलो नाही. लोक हसले.

"नाही. नियमाबद्दल आहे. त्यात पलंग कुठं आहे असं लिहिलेलं नाही. माणूस झोपतो कुठं असं लिहिलंय. आणि मी पहाटे सव्वापाचला चोवीसवरून जातो."

"मायरन, खाली बस," मावशी म्हणाली.

रविवारच्या शाळेतला आवाज होता तो. माझे गुडघे आपोआप वाकायला लागले. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी, पण वाकले. मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बसत नाही. मी काही सांगणार नाही, मावशी, ते माझं नाही सांगायचं. पण तू चिटणीस आहेस, तू आजपर्यंत या वहीत खोटं लिहिलेलं नाहीस. ब्रेक्के पळून गेला तेसुद्धा लिहिलंस. मग हेही खरं लिही. तू झोपतेस कुठं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता जन्मभर बोलणार नाही माझ्याशी. मग तिनं चष्मा काढून वहीवर ठेवला.

"ओरिनच्या खुर्चीत," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. त्या पलंगावर मला झोप येत नाही. आडवी होते आणि त्याची बाजू रिकामी दिसते. मग उठून खुर्चीत येते. कोट घेते. झालं सगळ्यांचं समाधान?"

गेलनच्या डोळ्यांत पाणी होतं. तो तीनदा खाकरला. पण तो अध्यक्ष होता आणि त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं अध्यक्षाचं कामच केलं. "बाई, खुर्ची कुठल्या खोलीत आहे?"

"बैठकीच्या."

"लोकरीच्या कुठल्या बाजूला?"

आता तिला कळलं. "पश्चिमेच्या," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे आमच्याकडे," गेलन म्हणाला. "सहा वर्षं झोपायला आमच्याकडे. तीस दिवस लागतात. त्याच्या आधीचं जे काही असेल ते गुनहिल्डच्या डोक्यावर. राजीनाम्याचं कारण उरत नाही. बाजूनं असतील त्यांनी हो म्हणा."

असा हो त्या हॉलनं कधी ऐकला नसेल. फळ्यावरचा खडू खाली पडला.

"विरोधात?"

"मी," मागून क्लेमन्स ओरडला.

"तुम्ही पाहुणे आहात, वडी खा," गेलन म्हणाला, आणि सगळा हॉल हसला. "बाई, एवढं लिहून घ्यायला लागेल."

आता हे लिहिणार कोण, तर तीच. मावशीनं चष्मा लावला, पेन उचललं, आणि लिहिलं. वेळ लागला. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. "चिटणीस ब्रेक्के टाउनशिपच्या चोविसाव्या चौकोनात आपल्या नवऱ्याच्या खुर्चीत झोपते. हे सभेनं मान्य केलं." एवढं वाचून तिनं वही मिटली आणि नाक शिंकरलं. दुपारच्या मतदानात तिला एकेचाळीसपैकी चाळीस मतं पडली. चाळिसावर अडलं, कारण क्लेमन्सला मत नव्हतं आणि तो मोजणीत धरला गेला होता.

सभेनंतर कुणी तिच्या गळ्यात पडलं नाही. तिची बशी मात्र इतकी भरली की लेफ्सा खाली पडायला लागले. क्लेमन्सनं आपली पाई कापून एक तुकडा त्यावर कसाबसा ठेवला आणि बशीकडे बघतच म्हणाला, "मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतो. रोझेला गेल्यापासून. चार वर्षं."

"बाक? पाठ मोडेल तुमची," मावशी म्हणाली.

"मोडलीय."

"बसा इथं," ती म्हणाली आणि बाजूची खुर्ची ओढली. मी दुरून बघत होतो. दोघं बराच वेळ बोलत होते, आणि आमच्याकडे दोन माणसं मुरूम आणि पाऊसपाणी सोडून इतका वेळ बोलत नाहीत.

त्या शनिवारी आम्ही पलंग हलवला. गेलन, क्लेमन्स, मी आणि आर्डिस. निल्सनं ओकचा केलेला पलंग, चार माणसांना जड. मावशी दारात उभी राहून हुकूम सोडत होती. बैठकीच्या खोलीत पियानो होता तिथं पलंग आला आणि पियानो हॉफमनला गेला.

"बास?" गेलननं धापा टाकत विचारलं.

"दोन इंच अजून पश्चिमेला. मला काठावर झोपायचं नाही."

"आणि डोकं कुठल्या बाजूला, बाई?"

ती म्हणाली, "फिरवा. आजवर होतं त्याच्या उलट. ओरिनच्या बाजूला भिंत येऊ दे." आम्ही फिरवला. आर्डिसनं चादर घातली. निल्सच्या उताऱ्यात मावशीनं त्याच आठवड्यात दुरुस्ती केली. आता तिथं लिहिलंय की मोजणीत एकवीस फुटांची चूक झाली, आणि ती गुनहिल्डनं केली, आणि त्या दिवशी ऊन फार होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला शेवटचा बर्फ पडला, चांगला सात इंच. सव्वापाचला मी चोवीसवर आलो. बैठकीत दिवा नव्हता. ग्रेडरच्या उजेडात खुर्ची दिसली, तिच्यात नुसता कोट होता. पलंगावर गोधडीखाली उंचवटा होता आणि तो हलत नव्हता. या वेळी मी भोंगा दाबला नाही. उलट पातं वर उचललं, खडखडाट नको म्हणून, आणि तिच्या घरापुढचा शंभर फूट बर्फ तसाच ठेवून हळूच पुढं गेलो.

सहा वाजले. फोन नाही. सात वाजले, मी बारा नंबरचा उतार केला, फोन नाही. आठला घरी येऊन अंडी खाल्ली. आर्डिस म्हणाली, "काय बघतोयस सारखा फोनकडे?" मी म्हणालो, काही नाही.

फोन वाजला.

"मायरन! माझ्या घरापुढचा बर्फ काय हॉफमनवाल्यांनी काढायचा? आणि टपालपेटीला..."

घड्याळात पावणेनऊ झाले होते.